सीटखाली इंजिन असलेल्या जुन्या व्हॅनचा सायलेन्सर : दुरुस्ती कुठून सुरू करावी

प्रश्न : माझ्याकडे २००६ सालची, पेट्रोलवर चालणारी मारुती ओम्नी आहे. पुण्यातल्या धायरीहून शहरात जेवणाचे डबे पोहोचवण्यासाठी ती रोज वापरतो आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन बाहेरगावीही जातो. या पावसाळ्यानंतर सायलेन्सरचा आवाज वाढला आहे. सकाळी गाडी सुरू केली की पुढून टकटक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर तो कमी होतो. सिग्नलला थांबल्यावर आत धुराचा वास येतो. एका गॅरेजमध्ये सांगितले की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) काढून सरळ पाईप टाका आणि मागे नवा सायलेन्सर बसवा. दुसरे मिस्त्री म्हणतात की वेल्डिंग करून भागेल. काय करावे?

उत्तर :

आपल्या प्रश्नात आवाजाचा उल्लेख आधी आणि वासाचा नंतर आला आहे. माझ्या दृष्टीने हा क्रम उलटा असायला हवा. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. इतर मोटारींमध्ये मॅनिफोल्डजवळ (सिलिंडरांतील धूर गोळा करून पाईपात सोडणाऱ्या भागाजवळ) गळती झाली, तर तो धूर बॉनेटखाली राहतो आणि गाडी चालू लागली की बराचसा वाऱ्याबरोबर निघून जातो. ओम्नीत मात्र ती गळती आणि चालकाचे नाक यांच्यामध्ये सीटखालचे पत्र्याचे झाकण आणि त्याच्या कडेची रबरी पट्टी एवढेच असते, आणि एवढ्या वर्षांत ती पट्टी बहुधा कडक होऊन चिरलेली असते. म्हणून या गाडीच्या सायलेन्सरचे काम हे आवाज कमी करण्याचे नव्हे, तर आतल्या माणसांच्या श्वासाचे काम आहे, असे समजून ते हाती घ्यावे.

धुराचा जो वास आपल्याला येतो, तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा आणि इतर वायूंचा असतो. त्याच्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो, त्यामुळे हवेतील त्याचे थोडे प्रमाणही तासाभराच्या प्रवासात अंगात साठत जाते. डोके जड होणे, मळमळणे, कारण नसताना गुंगी येणे ही त्याची पहिली लक्षणे आहेत, आणि घाटातून आलेल्या माणसाला ती गाडी लागल्यासारखीच वाटतात. त्यामुळे दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत या गाडीतून लहान मुलांना नेऊ नये, पुढच्या दोन्ही काचा उघड्या ठेवाव्यात आणि सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून थांबू नये. डब्यांचे क्रेट मावत नाहीत म्हणून मागचा दरवाजा दोरीने अर्धवट बांधून गाडी चालवण्याची सवय अनेकांना असते. ती तर कायमचीच सोडावी. चौकोनी मागील बाजूच्या गाडीमागे चालताना हवेचा दाब कमी होतो आणि टेलपाईपमधून, म्हणजे मागच्या टोकाच्या पाईपातून, निघालेला धूर तेथेच घुटमळतो. दरवाजा उघडा असला की तो सरळ आत ओढला जातो.

वास केव्हा येतो यावरून तो कुठून येत असावा याचा पहिला अंदाज बांधता येतो. गाडी थांबलेली असताना वास येत असेल, तर गळती बहुधा पुढच्या भागात, म्हणजे मॅनिफोल्ड, त्याचे पॅकिंग (जोडातून वायू निसटू नये म्हणून बसवलेली पातळ पट्टी) किंवा पुढच्या पाईपाचा जोड या ठिकाणी असते. वेगात चालताना आणि काचा बंद असताना वास येत असेल, तर मागच्या दरवाजाचे रबर, तुटून आखूड झालेला टेलपाईप किंवा गंजून भोके पडलेली फरशी तपासावी. आपल्याला सिग्नलला वास येतो आणि थंड इंजिनवर टकटक ऐकू येते. या दोन्ही गोष्टी पुढच्या बाजूकडेच बोट दाखवतात. दोन्ही गॅरेजनी मात्र आपल्याला मागच्या बाजूचे किंवा मधले काम सुचवले आहे. मागचा सायलेन्सर खरोखरच सडलेला असू शकेल, परंतु तो बदलल्याने आतला वास जाणार नाही, आणि आवाज कमी झाल्यामुळे उरलेली गळती ऐकूही येणार नाही, ही त्यातली अधिक वाईट गोष्ट आहे.

तपासणी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झाल्यावर करावी. पुढची सीट उचलून झाकण काढावे आणि बॅटरीवर चालणाऱ्या चांगल्या दिव्याने मॅनिफोल्ड जिथे हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, चिकटतो ती कड पाहावी. जिथून वायू निसटतो तिथे काजळी जमते. ती पोर्टच्या, म्हणजे धूर निघण्याच्या भोकाच्या, कडेपासून पंख्यासारखी पसरत गेलेली, बारीक आणि कोरडी असते आणि बोट फिरवले की बोटाला लागते. ऑईलच्या गळतीचा डाग चिकट असतो, त्यात धूळ रुतलेली असते, त्यामुळे या दोन डागांत गफलत होण्याचे कारण नाही. जुनी गळती असेल तर काजळीच्या मध्यभागी पांढुरकी किंवा करडी रेघ दिसते, कारण तिथला कार्बनही उष्णतेने जळून गेलेला असतो. सीटच्या झाकणाची खालची बाजूही उलटी करून पाहावी. तिथे काजळीचा पट्टा दिसला, तर धूर नेमका कोणत्या कोपऱ्यातून वर येत होता हे त्या पट्ट्यावरूनच कळते.

यानंतर इंजिन सुरू करावे आणि सोबतच्या माणसाला जाड, ओले फडके हातमोजा घालून टेलपाईपच्या तोंडावर काही क्षण धरायला सांगावे. मागचा रस्ता अडला की आतला दाब वाढतो आणि जिथे भेग असेल तिथून फुसफुस ऐकू येते. मॅनिफोल्ड तापण्याआधी साबणाचे पाणी जोडांवर फवारले तर बुडबुडे दिसतात. हे सर्व सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांतच उरकावे लागते, कारण एकदा लोखंड तापले की ते प्रसरण पावून लहान भेगा आपणहून मिटतात. गाडी गरम झाल्यावर आपला टकटक आवाज कमी होतो, त्याचे कारण हेच आहे. पॅकिंग सुधारलेले नसते. प्रत्येक थंड सुरुवातीला ते थोडे अधिक जळत असते.

पुढच्या गळतीचा आणखी एक तोटा खिशाला जाणवतो. आपल्या गाडीत एमपीएफआय, म्हणजे संगणकाने पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी, यंत्रणा आहे आणि कन्व्हर्टरच्या आधी ऑक्सिजन सेन्सर आहे. धूर पाईपातून सलग वाहत नाही, तर एकेका सिलिंडरच्या ठोक्याबरोबर येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी दाब इतका उतरतो की त्याच भेगेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, मिश्रणात पेट्रोल कमी आहे असा त्याचा समज होतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज घसरते, प्लग काळे पडतात आणि जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळू लागते. गेल्या काही महिन्यांत ॲव्हरेज कमी झाले असेल तर सेन्सर बदलण्याची घाई करू नये. आधी गळती बंद करावी आणि मग पाहावे.

आता पॅकिंग का जळते, पाईप का तडकतो, याकडे वळू, कारण हे न पाहता केलेली दुरुस्ती वर्षभरही टिकत नाही. ओम्नीचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असते. रेस दिल्यावर ते डावीकडे-उजवीकडे झुकते. त्याला आवर घालणारे इंजिन माउंटिंग, ज्याला आपल्याकडे फाउंडेशन म्हणतात, त्याचे रबर दबून गेले की हा झोका वाढतो आणि मॅनिफोल्डला घट्ट बांधलेला पुढचा पाईप प्रत्येक वेळी पिळला जातो. त्यातच पोलाद तापले की वाढते. दोन मीटर लांबीचा पाईप ३०० अंशांनी तापला तर सुमारे ७ मि.मी. लांबतो. ही वाढ सामावून घेण्यासाठीच सायलेन्सर रबरी हँगरवर टांगलेला असतो. रबर तुटले म्हणून कोणीतरी तारेने किंवा लोखंडी पट्टीने सायलेन्सर बॉडीला आवळून टाकला असेल, तर ती वाढ पुढे ढकलली जाते आणि सगळा ताण मॅनिफोल्डच्या स्टडवर, म्हणजे हेडमध्ये रुतवलेल्या बोल्टांवर, येतो. रस्त्यांवरचे गतिरोधक आणि खड्डे बाकीचे काम करतात. म्हणून बॉनेट असलेल्या एखाद्या गाडीत जेवढे चालून जाते तेवढे येथे चालून जात नाही. गाडी सुरू ठेवून एकाने हलकी रेस द्यावी आणि दुसऱ्याने इंजिन किती हलते ते पाहावे. ते ठळकपणे उसळत असेल तर फाउंडेशन आणि सर्व हँगर रबर याच कामात बदलावेत. सर्व सुट्या भागांत हेच सर्वांत स्वस्त असतात आणि बहुतेक वेळा तेच टाळले जातात.

मागचा सायलेन्सर का सडतो याचे कारण वेगळे आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर पूर्ण तापतो आणि ही वाफ बाहेर पडते. आपले काम मात्र थांबत-थांबत डबे देण्याचे आहे. अशा फेऱ्यांत मागचा सायलेन्सर कधी नीट तापतच नाही. वाफेचे पाणी होऊन ते तळाशी साचते, इंधनातील गंधकाच्या अंशामुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि पत्रा आतून खायला लागते. पावसाळ्यात बाहेरून चिखल आणि तुंबलेल्या रस्त्यांवरचे पाणी लागते, परंतु सुरुवात बहुतेकदा आतूनच झालेली असते. म्हणूनच वरून रुपेरी रंग मारलेला, दिसायला धड असलेला सायलेन्सर हातोड्याच्या दांड्याने ठोकून पाहावा लागतो. धड पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला बद्द वाजतो आणि आत काहीतरी खुळखुळते. तो कापून पाहिला तर आतल्या जाळीदार नळ्या आणि आडपडदे गळून तळाशी पडलेले आणि त्यांचा तपकिरी चुरा झालेला आढळतो. असा सायलेन्सर वरून कितीही वेल्डिंग केले तरी दुरुस्त होत नाही, कारण टाका धरायला खाली धातूच उरलेला नसतो.

सायलेन्सरच्या खालच्या बाजूला काही वेळा एक बारीक भोक असते आणि सकाळी त्यातून पाण्याचे थेंब पडतात. ते पाणी निघून जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेले असते. गळती समजून ते वेल्डिंगने बुजवू नये.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरविषयी माझे मत स्पष्ट आहे. तो काढू नये. पुण्यात १ एप्रिल २००५ पासून नव्या मोटारींना भारत स्टेज ३ चे धुराचे निकष लागू झाले, म्हणजे आपली २००६ ची गाडी त्या निकषांत बसते. पीयूसी चाचणीत अशा पेट्रोल चारचाकीसाठी आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलची, ७५० पीपीएम (दहा लाख भागांत ७५० भाग) आहे. कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या, भारत स्टेज २ पूर्वीच्या गाड्यांना हीच मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम आहे. या दोन आकड्यांतील अंतर पाहिले की कन्व्हर्टर किती काम करतो ते लक्षात येते. शिवाय आपल्या गाडीत धूर आत येतो, हाच मूळ प्रश्न आहे. कन्व्हर्टर काढल्यास मागून निघणाऱ्या धुरातील विषारी वायूचे प्रमाण कैक पटींनी वाढेल, आणि तोच धूर मागच्या दरवाजातून आत येण्याची शक्यता आहे.

कन्व्हर्टर काढल्याने पिकअप वाढतो, असे गॅरेजमध्ये सांगितले जाते. तो चोंदलेला असेल तर फरक जाणवतो हे खरे, पण मग तो का चोंदला याचे उत्तर शोधले पाहिजे. आत भाजलेल्या मातीची बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा थर असतो. मिसफायर होत असेल (सिलिंडरात पेट्रोल पेटत नसेल) तर न जळलेले पेट्रोल तिथे पेटते आणि जाळी वितळते. इंजिन ऑईल खात असेल तर त्याची राख जाळीवर बसते. लालभडक तापलेला कन्व्हर्टर पाण्याने भरलेल्या भुयारी रस्त्यात बुडला तर जाळी तडकून तिचे तुकडे होतात आणि रबराच्या हातोडीने ठोकल्यावर ते आत खडखडतात. पहिली दोन कारणे तशीच ठेवून नवा कन्व्हर्टर टाकला तर तोही जाईल.

चोंदला आहे की नाही हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावावा. निरोगी यंत्रणेत आयडलिंगवर दाब साधारण ०.१ बारच्या आत आणि २५०० आरपीएमवर ०.२ बारच्या आत राहतो. त्याहून बराच जास्त दाब दिसला तर गेजच्या पुढे, धुराच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. मात्र लगेच कन्व्हर्टरला दोष देऊ नये. त्याच्यामागचा जोड सुटा करून पुन्हा दाब पाहावा. दाब उतरला तर अडथळा मागच्या सायलेन्सरमध्ये आहे, आणि आतला आडपडदा कोसळून तोंड बंद झाल्याची उदाहरणे वारंवार दिसतात. ही पाहणी अर्ध्या तासाची आहे. ती न करता कन्व्हर्टर काढायला सांगणाऱ्या मिस्त्रीला, हा गेज लावून दाखवा, असे जरूर म्हणावे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या कन्व्हर्टरला त्यातील मौल्यवान धातूंमुळे भंगारात चांगला भाव मिळतो. कोणी तो फुकट काढून देत असेल तर काढलेला भाग आपल्याच ताब्यात मागावा.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना उटी, म्हणजे अडसर, लावून, जॅकने उचलल्यावर बॉडीच्या मजबूत जागांखाली स्टँड, म्हणजे घोड्या, लावल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर गाडी ठेवून खाली झोपणे हा या धंद्यातील सर्वांत अनाठायी धोका आहे. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग, म्हणजे गंजात मुरणारे, ऑईल मारून ठेवावे आणि सकाळी पुन्हा मारावे. मॅनिफोल्डच्या नटांना षटकोनी रिंग पाना किंवा बॉक्सच लावावा, उघडा पाना लावला की कोपरे झिजतात. नट सोडवण्याआधी तो किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा. गंजाची पकड तुटली की मग उलटा फिरवावा, अडला की पुन्हा थोडा आत घ्यावा. तरीही हलत नसेल तर नट गॅसच्या टॉर्चने लाल करून, थोडा निवू देऊन सोडवावा. पेट्रोलची नळी, वायरिंग किंवा गॅस किटचा पाईप जवळ असेल तिथे मात्र टॉर्च लावू नये. तिथे नट ग्राइंडरने किंवा छिन्नीने फोडणे परवडते. जोर लावून स्टड हेडमध्ये तुटला तर मधोमध भोक पाडून तो काढावा लागतो, आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्याने ड्रिल जरा वाकडे गेले की मऊ धातूत घुसते. पाचशे रुपयांच्या कामाचे हेड उतरवण्याच्या कामात रूपांतर होते, ते इथेच.

मॅनिफोल्ड निघाल्यावर त्याची कड धारदार सरळ पट्टीने तपासावी. पट्टी आणि कड यांच्यामध्ये ०.१ मि.मी. पेक्षा जाड फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) शिरत असेल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग, म्हणजे कड घासून सपाट, करून घ्यावे. वाकड्या कडेवर नवे पॅकिंग बसवले तर ते आधीच्याच जागी पुन्हा जळते. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मॅनिफोल्डला भेग असेल, तर ती सामान्य रॉडने भरू नये. बीड वेल्डिंगनंतर भरभर निवते आणि टाक्याच्या शेजारीच नवी भेग पडते. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडून, सबंध मॅनिफोल्ड आधी तापवून, निकेल रॉडने थोडे-थोडे भरून, नंतर कोरड्या वाळूत किंवा राखेत सावकाश निवू द्यावे लागते. हे काम करणारे कसबी वेल्डर पुण्यात आहेत, पण चांगला वापरलेला मॅनिफोल्ड मिळत असेल तर मी तो पसंत करतो.

पॅकिंग नवेच घ्यावे आणि शक्यतो कंपनीचे घ्यावे. त्याला लाल सिलिकॉन फासण्याची पद्धत चुकीची आहे. तो सिलिकॉन साधारण ३०० अंशांपर्यंत टिकतो आणि मॅनिफोल्ड चढावर ६०० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे तो जळून जातो आणि जाताना त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करू शकते. दोन भाग मळून लावायच्या एम-सीलसारख्या सीलचीही तीच गत होते. ८ मि.मी. च्या स्टडवर नट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, २० ते २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. मॅनिफोल्ड आणि पुढचा पाईप यांच्यामधील गोल रिंग पॅकिंगही बदलावे आणि तिथे स्प्रिंगचे बोल्ट असतील तर स्प्रिंगा पूर्ण दाबून साधे बोल्ट घालू नयेत. इंजिनाच्या झोक्याला तिथेच वाव दिलेला असतो.

वेल्डिंग कुठे चालते आणि कुठे नाही, हाही आपल्या प्रश्नाचा एक भाग होता. पाईप सर्वत्र जाड असून एकाच ठिकाणी, जोडाजवळ किंवा ब्रॅकेटच्या मुळाशी तडकला असेल, तर वेल्डिंग योग्य आणि टिकाऊ आहे. पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर आत जात असेल, तर तो भाग धड धातू लागेपर्यंत कापून नवा तुकडा टाकावा. तुकड्यासाठी १.२ ते १.६ मि.मी. जाडीचा ॲल्युमिनियमचा थर दिलेला पाईप किंवा ४०९ अथवा ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. सहज मिळतो म्हणून नळकामाचा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाईप वापरला जातो, त्याला मी ठाम विरोध करतो. त्याच्यावरचे जस्त ९०७ अंशांना उकळते, वेल्डिंगच्या वेळी पांढरा धूर होऊन वेल्डरच्या छातीत जाते आणि संध्याकाळी त्याला थंडी-ताप भरतो. पातळ पाईपाला साधे आर्क वेल्डिंग भोके पाडते, म्हणून ०.८ मि.मी. तारेचे सीओटू वेल्डिंग किंवा कसलेल्या हाताचे गॅस वेल्डिंग घ्यावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची अर्थिंगची वायर काढावी, नाहीतर ईसीयू आणि अल्टरनेटर यांना धोका असतो, आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावावी. गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट असेल, तर पाईप गाडीवरून उतरवूनच वेल्डिंग करावे. पेट्रोलच्या टाकीजवळच्या भागालाही हाच नियम लावावा. जुन्या गाडीच्या पाईपावर कोणी दोरीसारखे पांढरे वेष्टण गुंडाळलेले असेल, तर ते ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडू नये, ओले करून, मास्क लावून काढावे.

सायलेन्सर नवा घ्यायचा झाल्यास पुण्याच्या नाना पेठेत मारुतीच्या जुन्या मॉडेलांचे सुटे भाग आजही मिळतात. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, परंतु रस्त्यावर गाड्या इतक्या आहेत की भागांची टंचाई नाही. दोन सायलेन्सर हातात घेऊन वजन पाहावे. हलका असेल त्याचा पत्रा पातळ असतो आणि आतले आडपडदेही कमी असतात. ब्रॅकेट आणि हँगरच्या जागा जुन्याशी जुळतात का हे काउंटरवरच ताडून पाहावे, कारण जुळत नसलेला सायलेन्सर ओढूनताणून बसवला की वर सांगितलेला ताण पुन्हा सुरू होतो. टेलपाईप बंपरच्या बाहेर येईल एवढा लांब असलाच पाहिजे. पाईप मोठ्या व्यासाचा टाकल्याने ८०० सीसीच्या आत असलेल्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला काहीही लाभ होत नाही, फक्त आवाज वाढतो.

बसवताना पुढून येणारा पाईप मागच्या पाईपाच्या आत ४० ते ५० मि.मी. शिरावा, म्हणजे धूर कडेवर आदळत नाही. सर्व जोड आधी सैल ठेवून, रबरांवर सायलेन्सर सरळ टांगून, बॉडी, ब्रेकचे पाईप आणि पेट्रोलची नळी यांच्यापासून किमान २५ मि.मी. अंतर राहते का ते पाहावे आणि मग पुढून मागे असे आवळत जावे. उष्णतारोधक पत्रे, ज्यांना हीट शील्ड म्हणतात, खुळखुळतात म्हणून काढून टाकले जातात. ते परत लावावेत. शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर, इंजिन थंड असताना, सर्व नट एकदा पुन्हा तपासावेत.

याबरोबरच सीटखालच्या झाकणाची रबरी पट्टी, गिअर लिव्हरचे रबरी बूट, फरशीतील भोके आणि मागच्या दरवाजाचे रबर ही चारही ठिकाणे याच वेळी बंद करावीत. दरवाजाच्या रबरात कागदाची पट्टी धरून दरवाजा लावावा आणि पट्टी ओढावी. ती सहज निघून येत असेल तिथे रबर दबून चपटे झालेले आहे.

काम झाले की नाही याचा निवाडा नाकावर सोडू नये. आकडा दाखवणारा कार्बन मोनॉक्साइड मीटर ऑनलाइन मिळतो. घरगुती अलार्म साधारणपणे ५० पीपीएम पातळी तासभर राहिल्यावरच वाजतात, त्यामुळे नुसता अलार्म पुरेसा नाही. मीटर सीटच्या उंचीवर ठेवून, काचा लावून, मोकळ्या जागी दहा मिनिटे आयडलिंग करावे आणि नंतर एक फेरी मारावी. जागतिक आरोग्य संघटनेची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ९ पीपीएम आहे, पण दुरुस्त केलेल्या गाडीत आकडा शून्याच्या आसपासच दिसायला हवा. शहरातल्या रहदारीत शेजारच्या रिक्षांमुळे तो क्षणभर वर जातो, म्हणून चाचणी मोकळ्या रस्त्यावरच करावी.

पीयूसी यानंतर करावी, आधी नाही. गळक्या यंत्रणेत बाहेरची हवा मिसळून धूर पातळ होतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा खोटाच कमी दिसतो. गाडी चांगली तापवून केंद्रावर न्यावी, कारण कन्व्हर्टर २५० ते ३०० अंशांपर्यंत पोहोचल्याशिवाय काम सुरू करत नाही, आणि दारातून थेट नेलेली चांगली गाडीही नापास होते. आपल्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांची असते. २०२१ मध्ये पंधरा वर्षांनंतरचे पाच वर्षांचे नूतनीकरण झाले असेल, तर २०२६ मध्ये आरटीओ पासिंगला गाडी पुन्हा न्यावी लागते. त्या वेळी कन्व्हर्टर जागेवर असणे आपल्याच सोयीचे आहे.

खर्च टप्प्याटप्प्याने करायचा असेल, तर या महिन्यात मॅनिफोल्डचे आणि पुढच्या जोडाचे पॅकिंग, फाउंडेशन, हँगर रबर आणि सीटखालची पट्टी एवढे करून घ्यावे. मागचा सायलेन्सर ठोकून, दाब मोजून पाहावा आणि तो खरोखर सडलेला निघाला तर पुढच्या महिन्यात बदलावा. टेलपाईप मात्र तुटलेला असेल तर तो पहिल्याच टप्प्यात जोडून घ्यावा. कन्व्हर्टरला तूर्त हात लावू नये.